शिवेपलीकडील शाळा

सीमा हा शब्द विद्यार्थ्यांस प्रथम भेटतो तो भूगोलाच्या पुस्तकांत. नकाशावर एक तुटक रेघ असते. तिच्या अलीकडे एक रंग, पलीकडे दुसरा. परीक्षेंत ती रेघ बरोबर काढली म्हणजे गुण मिळतात आणि सीमेचा विषय तेथेंच संपतो. आमच्या खेड्यापाड्यांत मात्र याच अर्थाचा एक जुना व घरगुती शब्द आहे, तो म्हणजे शीव. शिवेवर मारुति असतो, शिवेवरून भांडणें होतात, पाहुण्यास निरोप द्यावयाचा तो शिवेपर्यंत जाऊन. आणि परगांवची वाट, परगांवचें बीं व परगांवची वार्ता हीं सर्व शीव ओलांडूनच आपणांकडे येतात.

यंदाच्या वार्षिकासाठीं कांहीं लिहावें अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हां या शिवेविषयींच लिहावें असें मनांत आलें. हल्लीं हवामानाच्या बदलाविषयीं जें बोललें जातें तें बहुधा नकाशावरील रेघांच्या भाषेंत. अमुक राष्ट्र किती धूर सोडतें, तमुक राष्ट्रानें किती कमी करावा, यासाठीं मोठमोठ्या परिषदा भरतात. त्या परिषदांचें महत्त्व आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु हवा तापली, पाऊस लहरी झाला, तर प्रत्यक्ष रानांत, विहिरीवर व चुलीपाशीं काय करावें हें शिकविणारीं माणसें कोठून यावयाचीं? तीं कोणीं तयार करावयाचीं? आणि एका देशांतील शहाणपण दुसऱ्या देशांतील गरजवंतापर्यंत कोणत्या वाटेनें पोंचावयाचें? हा प्रश्न शेवटीं शिल्लक राहतोच. त्याचें एक उत्तर आपल्याच धाराशिव जिल्ह्यांतील व शेजारच्या लातूर जिल्ह्यांतील स्त्रियांनीं गेल्या तीस वर्षांत दिलें आहे. परदेशांतील सभांत ज्यांचें नांव आदरानें घेतलें जातें, त्या स्त्रियांचें काम त्यांच्याच जिल्ह्यांतील मुलांस ठाऊक नसावें, ही गोष्ट आम्हांस बरी वाटत नाहीं.

आमचें मूळ गांव तेरखेडा. वाशी तालुक्यांत, बालाघाटाच्या पठारावर, सोलापुराहून धुळ्याकडे जाणाऱ्या राजमार्गावर तें वसलें आहे. परक्या मनुष्यास तेरखेडा म्हटलें कीं फटाके आठवतात. दिवाळीच्या आधीं त्या रस्त्यानें जाणारे पुष्कळ लोक तेथें गाडी थांबवून मुलांसाठीं पुडा घेतल्यावांचून पुढें जात नाहींत. परंतु या गांवाची दुसरी एक ओळख आहे. ती आवाज करीत नाहीं. तेरणा नदीचा उगम येथलाच. उन्हाळ्यांत पाहावयास गेलें तर नदी म्हणावी असें तेथें कांहीं दिसत नाहीं. दगडगोट्यांनीं भरलेला एक ओघळ, एवढेंच. पण हाच ओघळ पुढें नदीचें रूप घेऊन तेर गांवाजवळून वाहतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेल्या एका समुद्रप्रवासाच्या पुस्तकांत तगर नांवाच्या नगराचा उल्लेख आहे. तेथील माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असे. तें तगर म्हणजेच आपलें तेर, असें विद्वानांनीं ठरविलें आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयांतील हस्तिदंती स्त्रीमूर्ति आणि इटलींतील पाँपेई नगराच्या अवशेषांत सांपडलेली हस्तिदंती मूर्ति यांचें साम्य अभ्यासकांनीं दाखविलें आहे. सांगण्याचें तात्पर्य हें कीं, आपल्याकडचें कांहीं चांगलें परदेशीं पाठविणें ही या खोऱ्यास नवी गोष्ट नव्हे.

तेरच्या पुढें तेरणा माकणीच्या धरणांत सांठते, सास्तूर-किल्लारीच्या मुलुखांतून जाते, आणि कर्नाटकाच्या हद्दीजवळ मांजरेस मिळते. मांजरा कर्नाटक व तेलंगण या राज्यांतून जाऊन गोदावरीस मिळते, आणि तें पाणी अखेर बंगालच्या उपसागरास पोंचतें. तेरखेड्याच्या माळावर पडलेला थेंब तीन राज्यांच्या सीमा ओलांडतो. त्यास कोणी दाखला विचारीत नाहीं.

याच खोऱ्यांत १९९३ सालीं सप्टेंबरच्या ३० तारखेस पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं भूकंप झाला. आदल्या रात्रीं गणपतीचें विसर्जन आटोपून लोक थकून निजले होते. आम्ही त्या वेळीं तेरा वर्षांचे होतों. तेरखेड्यास आमच्या घरीं उतरंडीवरचीं मडकीं एकमेकांवर आदळलीं, गोठ्यांतलीं जनावरें हंबरलीं, आणि वडिलांनीं आम्हां भावंडांस ओढीतच अंगणांत आणलें. आमच्यापुरतें तें संकट तेवढ्यावरच टळलें. पण दिवस वर येतां येतां वार्ता आली कीं, किल्लारी, सास्तूर आणि भोंवतालचीं गांवें जमीनदोस्त झालीं. सुमारें दहा हजार माणसें त्या पहाटे गेलीं. तीं भूकंपानें मेलीं असें आपण म्हणतों; खरें पाहतां पुष्कळांचा जीव त्यांच्याच घरांनीं घेतला. मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर माळवदाचा मणामणांचा भार, अशीं तीं घरें होतीं. उन्हाळ्यांत थंड व थंडींत ऊबदार. परंतु धरणी हलली तेव्हां भिंतींच्या दोन्ही बाजू सुटल्या आणि माळवद खालीं आलें.

उद्ध्वस्त गांवें नव्यानें वसविणें आणि तडकलेलीं घरें दुरुस्त करून बळकट करणें, असें दुहेरी काम सरकारनें जागतिक बँकेच्या साहाय्यानें हातीं घेतलें. दुरुस्तीचा संबंध हजाराहून अधिक गांवांशीं होता. इतक्या गांवांतील लोकांस घर बळकट कसें करावें, पैसा कोठें लागतो, हक्क काय आहेत, हें कोणीं समजावून द्यावें? हें काम प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे आलें, आणि संस्थेनें तें गांवोगांवच्या स्त्रियांच्या हातीं दिलें. या स्त्रियांस ‘संवाद सहाय्यक’ असें नांव होतें.

आमच्या एक मावशी लोहाऱ्याकडील एका खेड्यांत दिल्या होत्या. शिक्षण सातवीपर्यंत. भूकंपापूर्वीं त्या परक्या पुरुषासमोर पदर सांवरून गप्प बसत. संवाद सहाय्यक झाल्यावर त्या भिंतीच्या दोन्ही बाजू बांधून ठेवणारा आरपार दगड कोठें बसवावा, कोपऱ्यास लोखंडी बांध कसा द्यावा, सिमेंटचा पट्टा कोणत्या उंचीवर फिरवावा, हें गवंड्याच्या शेजारीं उभें राहून सांगूं लागल्या. आम्ही सुटींत गेलों असतां त्यांनीं आम्हांस सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांची नोंद असलेली एक वही दाखविली. पोतीं किती आलीं व किती वापरलीं हें त्या रोज लिहून ठेवीत. तीस वर्षांनंतर आज आम्हांस वाटतें कीं, पुढें जें मोठें जाळें विणलें गेलें त्याचा पहिला धागा त्या वहींत होता.

तें कसें, तें पाहूं. तुर्कस्तानांत १९९९ सालीं ऑगस्टच्या १७ तारखेस मारमारा प्रांतीं भूकंप झाला. गुजराथेंत २००१ सालीं जानेवारीच्या २६ तारखेस कच्छ हादरलें. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर २००४ सालीं डिसेंबरच्या २६ तारखेस सुनामीच्या लाटा आल्या. या तिन्ही ठिकाणच्या स्त्रियांशीं मराठवाड्यांतील स्त्रियांचा संबंध आला. तुर्कस्तानांतील स्त्रियांबरोबर अनुभवांची देवाणघेवाण झाली. कच्छांत व तमिळनाडूंत मराठवाड्याच्या स्त्रिया स्वतः गेल्या. ज्यांनीं दहा वर्षांपूर्वीं आपलें घर ढिगाऱ्यांत पाहिलें होतें, त्या स्त्रिया आतां दुसऱ्यांच्या ढिगाऱ्यापाशीं जाऊन उभ्या राहिल्या.

आमच्या मावशी सुनामीनंतर तमिळनाडूंत गेल्या होत्या. त्यांस तमिळ येत नव्हतें आणि कोळणींस मराठी येत नव्हतें. दुभाष्या एकच, तोही निम्मा वेळ दुसरीकडे. आम्हीं विचारलें, “मावशी, मग तुम्हीं शिकविलें तरी कसें?” त्या म्हणाल्या, “पहिल्या दिवशी काही शिकवलं नाही बाबा. बसलो नुसतं. तिनं बोटानं दाखवलं, दोन गेले. मी दाखवलं, माझे पण दोन. मग तिनं माझा हात सोडलाच नाही.” दुसऱ्या दिवशीं त्यांनीं वही काढली. सरकारी माणूस यादी करावयास येण्यापूर्वीं आपली यादी आपण करावी. घर बांधणाऱ्यानें किती पोतीं आणलीं तें मोजावें. सभा झाडाखालीं उघड्यावर घ्यावी, म्हणजे ज्या दारांत येऊं शकत नाहींत त्याही ऐकतील. अशा साध्या गोष्टी त्यांनीं सांगितल्या. परत येतांना कोळणींनीं त्यांस मूठभर शेवग्याचें बीं दिलें. तीं झाडें पुढें मावशींच्या परसांत वाढलीं, आणि त्यांचें बीं शेजारच्या चार गांवांत गेलें. शिकविणारीनें रिकाम्या हातीं परत येऊं नये, हा या शाळेचा नियमच म्हणावा.

या शाळेस इमारत नाहीं, पण जगांत तिच्या पुष्कळ शाखा आहेत. १९९५ सालीं चीनमध्यें स्त्रियांची चौथी जागतिक परिषद भरली, तेव्हां स्वयंसेवी संस्थांचा मेळावा बीजिंगजवळील ह्वाइरौ या ठिकाणीं झाला. त्यावरून ‘ह्वाइरौ कमिशन’ या नांवानें तळागाळांतील स्त्रियांच्या संस्थांचें एक जाळें निर्माण झालें. ‘ग्रूट्स’ नांवाचें त्याच प्रकारचें दुसरें जाळें आहे. मराठवाड्यांतील सखींचे गट ‘स्वयम् शिक्षण प्रयोगा’च्या द्वारें या जाळ्यांत आले. मध्य अमेरिकेंतील होंडुरास देशाच्या किनाऱ्यावर गारिफुना नांवाचा समाज राहतो. १९९८ सालच्या मिच नांवाच्या भयंकर वादळानंतर त्या समाजांतील स्त्रियांनीं आपलीं गांवें सांवरलीं. त्याही याच जाळ्यांतील. समुद्रकांठची गारिफुना स्त्री आणि बालाघाटावरची शेतकरीण यांचा धर्म, भाषा व अन्न हीं सर्व निराळीं आहेत. तरी एकीनें वादळांत बीं कसें राखलें हें दुसरीस दुष्काळांत उपयोगीं पडतें, हें ज्यांस प्रथम सुचलें त्यांचे आपण ऋणी आहों.

येथें चौकस विद्यार्थी विचारील कीं, भूकंप आणि हवामान यांचा संबंध काय? संबंध कांहीं नाहीं. भूकंप पृथ्वीच्या पोटांतून येतो, हवेंतून नव्हे. परंतु भूकंपानें शिकविलेली रीत दुष्काळांत कामास आली. मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत आहे. येथें पाऊस मुळांतच बेताचा. त्यांत हवा तापली म्हणजे काय होतें, हें पदार्थविज्ञानाच्या तासास आम्हीं सांगितलेंच आहे. उष्णता एक अंशानें वाढली तर हवा सुमारें सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवूं शकते. त्यामुळें पाऊस पडतो तेव्हां एकदम कोसळतो, आणि दोन सरींमधील उघडीप लांबते. शेतकऱ्यास वर्षाची सरासरी खायची नसते. त्यास हवा असतो वेळेवरचा पाऊस. २०१२ पासून कित्येक वर्षें दुष्काळाचीं गेलीं. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी आणावें लागलें. आणि त्याच मांजरेच्या खोऱ्यांत २०२१ च्या सप्टेंबरांत असा पूर आला कीं लोकांस पाण्यांतून सोडवून आणावें लागलें. तहान आणि महापूर हीं एकाच घरचीं दोन पोरें आहेत, हें आतां आपणांस मान्य करावें लागेल.

या परिस्थितींत सखींनीं जो उपाय काढला त्यास ‘एक एकराची शेती’ असें म्हणतात. घरची सर्व जमीन सोयाबीन किंवा ऊस अशा एकाच विकाऊ पिकाखालीं घातली, तर एका पावसाच्या चुकीनें सारें वर्ष जातें. म्हणून घरच्या स्त्रीनें आपल्या घरच्यांकडून अर्धा किंवा एक एकर मागून घ्यावा. त्यांत बाजरी, ज्वारी, तूर, मूग, उडीद, मटकी, तीळ, अंबाडी, दोडका, भोपळा, मेथी अशीं वीस-पंचवीस प्रकारचीं पिकें मिसळून घ्यावीं. खत गांडुळांचें व शेणाचें, औषध निंबोळीचें, बीं घरचें, राखेंत घोळून मडक्यांत ठेवलेलें. एक पीक गेलें तर दुसरें राहतें. आधीं घरचें पोट भरतें, उरलें तर बाजार. हें कोणत्याही आजीबाईस नवें नाहीं. नवें एवढेंच कीं, निर्णय बाईनें घ्यावयाचा, आणि जिला साधलें तिनें दहाजणींस शिकवावयाचें.

हा प्रयोग मराठवाड्यांत हजारों स्त्रियांनीं केला. २०१६ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचें ‘इक्वेटर’ पारितोषिक त्यास मिळालें. २०२२ च्या मार्चांत प्रेमा गोपालन निवर्तल्या. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत, इजिप्त देशांतील शर्म अल-शेख येथें हवामान परिषद चालू असतां, स्थानिक पातळीवरील कार्याबद्दल त्यांच्या संस्थेचा पुनः गौरव झाला. तुळजापूर तालुक्यांतील गंधोरा गांवच्या गोदावरी डांगे यांचें नांव या कार्यांत अग्रभागीं घेतलें जातें. अकालीं वैधव्य आलेल्या या बाईंनीं बचतगटापासून आरंभ केला, शेकडों स्त्रियांस या शेतीची दीक्षा दिली, आणि परदेशांतील सभांतही आपल्या भागाचा अनुभव मांडला.

आतां आम्ही ज्या शिवेविषयीं बोलावयाचें म्हणून बसलों तिच्याकडे येतों. तुर्कस्तान दूर आहे, होंडुरास त्याहून दूर. परंतु या जाळ्यांतील स्त्रियांस सर्वांत अवघड गेलेली सीमा कोणती, असें कोणीं विचारलें तर आम्ही सांगूं : घराचा उंबरठा.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत तेरखेड्याकडील एक मुलगी होती. नववीचें वर्ष, गणितांत हुशार. घरीं चार एकर कोरडवाहू जमीन, सारी सोयाबीनखालीं. आई फटाक्यांच्या कामावर रोजानें जाई. त्या सालीं पावसानें दडी मारली, शेंगा भरल्या नाहींत, आणि वडिलांनीं मुकादमाकडून उचल घेतली. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, हें खेड्यांतील पालकांस सांगावयास नको. दोघेंही ऊसतोडीस गेलीं तर मुलीस मागें ठेवावयाचें कोणापाशीं? तिलाही बरोबर न्यावयाचें ठरलें. शाळेंतून नांव काढण्याचा अर्ज आला. तो आमच्या हातीं पडला तेव्हां दिवाळीची सुटी लागत होती. आम्ही गांवीं जाणारच होतों. वाट वांकडी करून त्यांच्या घरीं गेलों.

ओसरीवर वडील, आजी व आई अशीं तिघें होतीं. आम्हीं मुलीच्या अभ्यासाविषयीं बोललों. वडील शांतपणें म्हणाले, “सर, तुमचं सगळं खरं हाय. पर खायाला काय घालू?” या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. पदवी घेतांना असल्या प्रश्नाचें उत्तर कोणी शिकवीत नाहीं. तेव्हां उंबरठ्याआड उभी असलेली आई म्हणाली, “सरांना आतलं दाखवू का?” आणि उत्तराची वाट न पाहतां तिनें आम्हांस माजघरांत नेलें. तेथें कणगींत बाजरी होती, दोन डब्यांत मूग, एका मडक्यांत मटकी. मागें रानांत तूर अजून उभी होती.

मग ती हकीकत कळली. उन्हाळ्यांत शेजारच्या गांवीं तुळजापूरकडील एक बाई शिकवावयास आली होती. तिचें ऐकून या आईनें घरीं एक एकर मागितला. नवऱ्यानें साफ नाहीं म्हटलें. बाईच्या हातीं रान दिलें तर गांव हंसेल, ही त्याची भीति. आठ दिवस घरांत बोलणें बंद होतें. शेवटीं सासू मध्यें पडली, ती म्हणाली, “माझ्या सासूनं बाहत्तरच्या दुष्काळात मटकीवरच लेकरं जगवली. दे तिला तो बांधाकडचा खडक.” खडक म्हणून जो एकर मिळाला, त्याच एकरानें त्या वर्षीं घरास धान्य दिलें. बाकीचे तीन एकर रिते गेले.

हें सारें नवऱ्यास ठाऊक नव्हतें असें नाहीं. परंतु घरांतलें धान्य आणि मुलीची शाळा या दोन गोष्टी त्यानें एकत्र मांडून पाहिल्या नव्हत्या. आईनें त्या आमच्या देखत मांडल्या. “तुम्ही अर्धा कोयता धरा,” ती नवऱ्यास म्हणाली, “मी आन् पोर हितंच राहतो. चार-पाच महिने खायापुरतं हाय.” वडील बराच वेळ बोलले नाहींत. मग त्यांनीं आम्हांकडे पाहून विचारलें, “अर्ज परत घेता येतो का, सर?” अर्ज आमच्या खिशांतच होता.

ती मुलगी आतां परिचारिकेचें शिक्षण घेत आहे. दोन वर्षांनीं त्या खडकाळ एकराच्या बांधावर परप्रांतांतून आलेल्या स्त्रिया जमल्या. त्यांची बोली हिंदीची, पण आपल्या कानास अनोळखी. त्या दिवशीं शेजाऱ्यांच्या खुर्च्या मागून आणून त्याच गृहस्थांनीं रानांत मांडल्या. आम्हांस ते म्हणाले, “सर, ज्याला म्या खडक म्हणलो, तिथं आता शाळा भरती.”

आम्हांस हें सर्व गोड करून सांगावयाचें नाहीं. पारितोषिकानें पाऊस पडत नाहीं. एका एकरानें कर्ज फिटत नाहीं; ते गृहस्थ त्या हंगामांत ऊसतोडीस गेलेच, आणि पुढेंही गेले. घरचें, गोठ्याचें व मजुरीचें काम करून बाईनें आणखी एक एकर सांभाळावयाचा, म्हणजे तिच्या दिवसाचे तास कोणी वाढवून दिले नाहींत. शिवाय पुष्कळ घरीं तो एकर केवळ तोंडच्या शब्दावर दिलेला असतो; सातबाऱ्यावर तिचें नांव नसतें, आणि पीक चांगलें आलें कीं तो एकर परत मागितला जाण्याचा संभव असतो. दूर देशींच्या धुरानें बिघडलेल्या हवेचें ओझें तेरखेड्याच्या बाईनें वाहावें, यांत न्याय नाहीं, हेंही विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. ज्यांनीं अधिक बिघडविलें त्यांनीं अधिक भरावें, ही मागणी परिषदांत होते ती यथार्थ आहे. परंतु ती मान्य होईपर्यंत चूल थांबत नाहीं. म्हणून शिकणें आणि शिकविणें थांबतां कामा नये.

अशा जाळ्याचे गुण कोणते, हें आम्हीं आपल्याशीं पुष्कळदां ताडून पाहिलें आहे. तेथें शिक्षक तोच होतो ज्यावर तें संकट स्वतः येऊन गेलें. तेथें आधीं ऐकावयाचें असतें, मग बोलावयाचें. तेथें वही असते, आणि वहींत मोजलेलें असतें. नुसता कळवळा नसतो. आणि शिकून गेलेला मनुष्य दुसऱ्यास शिकविल्यावांचून त्या शाळेचा विद्यार्थी ठरत नाहीं. आमच्यासारख्या पगारी शिक्षकानें यांतून पुष्कळ घेण्याजोगें आहे. वर्गांत चाळीस मुलें समोर बसलेलीं असतां आपणच काय तें बोलावें अशी आम्हांस संवय असते. पण त्या चाळिसांतील दहाजणांच्या घरीं दुष्काळाविषयींचें जें ज्ञान आहे, तें आमच्या क्रमिक पुस्तकांत नाहीं.

म्हणून यंदा नववीच्या वर्गानें एक लहान आरंभ केला आहे. शाळेच्या आवारांत पर्जन्यमापक बसविला असून रोज सकाळीं साडेआठ वाजतां दोन विद्यार्थी पावसाची नोंद करतात. आठवड्यांतून एकदां आवारांतील विहिरीचें पाणी दोरीनें मोजतात. सुटींत गांवीं गेलेल्या मुलांनीं आपल्या आजीस विचारून जुन्या बियाण्यांचीं नांवें लिहून आणलीं. एका मुलीनें तर नुसतीं नांवें न आणतां पांच पुड्या आणल्या. या वहीची एक प्रत आम्हीं तेरणा-मांजरेच्या खालच्या अंगास, कर्नाटकांतील एका शाळेस पाठविली, आणि तुमच्याकडे काय पडतें, काय पिकतें, तें कळवा असें लिहिलें. नदी जेथें जाते तेथपर्यंत एक एक शाळा जोडीत जावें, असा मुलांचा मनोदय आहे. तो सिद्धीस जाईल कीं नाहीं हें आज सांगतां येत नाहीं. मावशींच्या पोत्यांच्या वहीचें काय होणार हें तरी तेव्हां कोणास ठाऊक होतें?

पालकांस आमची विनंति दोन गोष्टींची आहे. येत्या मृगापूर्वीं घरांत रानाचा विचार होईल, तेव्हां मुलांच्या आईसही त्या विचारांत घ्यावें, आणि तिनें मागितलें तर खडक तरी द्यावा. दुसरी विनंति लहान आहे. कर्नाटकांतील त्या शाळेचें उत्तर गेल्या आठवड्यांत आलें. चार पानांचें पत्र आहे, सोबत पावसाचे आंकडे व कसल्याशा बियांची एक पुडी आहे. आंकडे मुलांनीं वाचले; पत्र मात्र कानडींत आहे. उमरगा-लोहारा भागांतील किंवा अन्य कोणा पालकांस कानडी वाचतां येत असल्यास त्यांनीं एखाद्या शनिवारीं विद्यालयांत यावें. नववीचा वर्ग वाट पाहत आहे.